अबोली रंगाचा वाघ

माझ्या डोळ्यांबद्दल मी स्वतः काही बोलणार नाही. आपली आपण तारीफ करणं आमच्या रक्तात नाही. एवढंच सांगतो, की जवळा बाजार गावातल्या माझ्या मॅचिंग सेंटरात ब्लाउजपीसचे तीनशेच्या वर ठाण आहेत, आणि लाइट गेलेली असताना, भिंतीकडं तोंड करून, मागं हात घालून मी त्यातला कोणताही रंग काढून देतो. एकट्या पोपटीच्याच माझ्याकडं अकरा जाती आहेत. मागं एका बाईनं हट्ट धरला, की हा पोपटी काही खरा पोपटी नाही. मी उठलो. दुकानासमोरच्या लिंबाखाली गेलो आणि सात नंबरचा पोपटी पीस फडकावला. वरून तीन पोपट खाली आले आणि नात्यातलं कुणी समजून पीसशेजारी बसले. बाईनं मुकाट्यानं एक मीटर घेतला.

ट्यूबलाइट खोटं बोलते, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. दुकानात डाळिंबी दिसणारा पीस घरी गेल्यावर विटकरी निघतो, आणि मग बाई दुसऱ्या दिवशी सासूला घेऊन येते. म्हणून रीतच पडली आहे: साडी आणि पीस दोन्ही हातात घ्यायचे, पायरीवर उन्हात जायचं, आणि तिथं जुळलं की मगच कैची चालवायची. माझ्या दुकानाची पायरी म्हणजे या भागातलं रंगांचं हायकोर्ट आहे. तिथं सुनांनी सासवांना हरवलेलं मी पाहिलं आहे.

आता एवढी तयार नजर नुसत्या ब्लाउजवर खर्च करणं म्हणजे ट्रॅक्टर लावून कोथिंबीर पेरण्यासारखं. म्हणून मी जुन्या नोटांच्या नादाला लागलो. लोकांना वाटतं, दहाची नोट म्हणजे दहाची नोट. तसं नसतं. छापखान्यात शाईचा डबा बदलला, शाई घट्ट पडली, पातळ पडली, की तीच नोट वेगळ्याच रंगात उतरते. जहाजाच्या चित्राची जुनी दहाची नोट माझ्याकडं चार रंगांत होती. एक वांग्याच्या सालीसारखी, एक जांभळं खाल्लेल्या जिभेसारखी, एक जवसाच्या फुलाकडं झुकलेली, आणि चौथीच्या रंगाला तर नावच नाही. तो रंग देवानं एकदाच केला आणि कसा केला ते विसरला. खरा रंगफरक कोणता, आणि घामानं, पाण्यानं, उन्हानं बिघडलेली नोट कोणती, हे ओळखण्यातच सगळी गंमत. खऱ्या रंगफरकासाठी शौकीन माणूस जेवणावरून उठतो. बिघडलेल्या नोटेकडं तो ढुंकून बघत नाही.

वीसेक वर्षांत जमवलेल्या या नोटा मी आमच्या लग्नाच्या आल्बममध्ये लावल्या होत्या. आल्बम दणकट होता. वर लाल मखमल, मधोमध हार घातलेला आमचा जोडीचा फोटो. आतले फोटो काढून मी साडीच्या खोक्यात ठेवले आणि त्या जागी वाघाच्या, हरणांच्या, जहाजाच्या नोटा सरकवल्या. आमच्या घरच्या, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, दुकानातच पिको-फॉलची मशीन चालवतात. त्यांनी हे पाहिलं त्या दिवशी मशीन थांबली.

"वर आपण दोघं, अन् आत वाघ-हरणं," त्या म्हणाल्या. "बघणाराला वाटंल, ह्यांचं लगीन जंगलात लागलं."

आमच्या बाजारात या नादाचा दुसरा माणूस एकच. साखऱ्याकडचे एक रिटायर गुरुजी, नोकरी इथल्याच शाळेत झाली, आता इथंच घर बांधून राहतात. जन्मभर पोरांची हजेरी घेतली, आता नोटांची घेतात. त्यांच्या नोटा फाइलीत ओळीनं बसलेल्या असतात, प्रत्येकीला नंबर, प्रत्येकीखाली पेन्सिलीनं माहिती. एखादी नोट ओळीतून सरकलेली दिसली तर तिला ते उभं करतात असं म्हणतात. मी पाहिलेलं नाही. त्यांच्याकडं खाकी कव्हर घातलेलं नोटांचं एक जाडजूड पुस्तक आहे. पुस्तकात आहे ते जगात आहे, पुस्तकात नाही ते नाही. नोटेवरचा नंबर, नंबराखालचं बारकं अक्षर, सही, हे सगळं ते मुंगीच्या डोळ्यानं वाचतात. रंग मात्र त्यांना तीनच कळतात: लाल, हिरवा आणि 'इतर'.

दिवस हळदीचे होते. आमच्याकडं हळद उकडून, वाळवून ड्रममध्ये पॉलिश व्हायला लागली, की अख्ख्या मुलखात पांढरं मांजर शोधून सापडत नाही. ओढ्यावर बगळे उतरतात पांढरे, उडतात पिवळे. नवरदेवाला वेगळी हळद लावायच्या भानगडीत कुणी पडत नाही. मोटारसायकलवर बसवून पॉलिशच्या ड्रमसमोरून एक चक्कर मारून आणला, की काम झालं. अशाच एका बाजारच्या दिवशी तांड्यावरची एक याडी दुकानात आली. याडी म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत आई. पण ही म्हातारी समोर उभी राहिली की पोलीसपाटीलसुद्धा तिला याडीच म्हणतो. नातीच्या घागऱ्याला लावायला तिला लाल पट्टी पाहिजे होती. पाच दुकानांनी हात टेकले होते. मी तिच्या हातातला नमुना पायरीवर नेला, एक डोळा मिटला, आणि आत जाऊन बराबर तोच लाल काढला. याडी खूश झाली. तेवढ्यात तिची नजर काउंटरवर उघड्या पडलेल्या आल्बमकडं गेली.

"हा वाघ काहून कोंडला रे?"

"दोन रुपयाची जुनी नोट हाय, याडी. आता छापत न्हाईत."

"असला वाघ मपल्या घरी बी हाय."

पुढच्या बाजारी तिनं तो आणला. फडक्यात गुंडाळलेला, चार घड्या घातलेला.

"कुठं ठिवला व्हता?" मी विचारलं.

"डब्यात."

कशाच्या डब्यात, हे मी विचारलं नाही. माल बघून जास्त चौकशी केली की समोरचं माणूस शहाणं होतं. याडीनं दोन मीटर सोनेरी लेस मागितली आणि म्हणाली, "ठिव तुला पायजे तितके दिस. पण मालकी मपली." मी लेस कापून दिली, नोट घेतली आणि पायरीवर उन्हात उघडली.

मी ती परत मिटली, परत उघडली.

वाघाची दोन रुपयांची नोट गुलाबी असते, हे शेंबडं पोरगंही सांगेल. माझ्या भाषेत गुलबक्षी बारा नंबर. ही नोट गुलबक्षी नव्हती, गुलाबी नव्हती, लाल नव्हती. ही नोट अबोली होती! चार नंबरची अबोली! मी पीस आणून शेजारी धरला, तर कुठं नोट संपते आणि कुठं कापड सुरू होतं ते मलाच कळेना. अर्धा मीटर मोजताना कैची वाघाच्या मिशीपाशी जाऊन थांबली. मी ओरडलो. किती जोरात ओरडलो ते मी सांगत नाही, पण लांबच्या डोंगरकडा गावचे एक पाहुणे पुढं मला म्हणाले, की त्या दिवशी दुपारी त्यांच्याकडंही कुणीतरी हाक मारल्यासारखं वाटलं होतं.

बाजार गोळा झाला. गुरुजीही आले, एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात भिंग. त्यांनी नोट खालून वर, वरून खाली वाचली आणि पिशवीतून पुस्तक काढलं. हा माणूस मेथी आणायला जातानाही पुस्तक घेऊन जातो.

"अबोली न्हाई पुस्तकात," ते म्हणाले. "ही उन्हानं उतरलेली नोट हाय. कुणाच्या तरी खिडकीत पडून राह्यली, गुलाबी उडून गेला, खालचा पिवळा राह्यला. संपलं. बसा खाली."

दुकानातल्या चार बाया सवयीनं खाली बसल्या. त्या त्यांच्याच शाळेत शिकलेल्या होत्या.

"गुरुजी, असं कसं बोलून राहिले?" मी म्हणालो. "ऊन लागलं तर वरच्या अंगाला लागंल. ही घडी बघा. घडीच्या आत ऊन जन्मात पोचलं न्हाई, तिथं बी अबोली. पाठीमागून बी अबोली. ऊन काय पत्ता इचारत इचारत घडीत शिरलं का?"

बाया हसल्या. गुरुजींचे कान लाल झाले. त्यांनी भिंग नोटेच्या कडेवर आणलं.

"मॅचिंगवाले, मग हे बघा. शाई वेगळी असती तर शाईचा रंग बदलला असता. इथं कोरा कागद बी पिवळसर हाय. ही कड बघा. ही वॉटरमार्कची, पाण्याच्या खुणेची मोकळी जागा बघा. छापखान्यानं कागदाला बी शाई पाजली का?"

बाया आणखी हसल्या. खरं सांगतो, हा मुद्दा मला बरगडीत लागला. कोरा कागद रंगलेला दिसला की खऱ्या शौकीनानं तिथंच थांबावं, हे मीच लोकांना शिकवत आलो होतो. पण चाळीस बाया बघत होत्या, आणि त्यातल्या निम्म्या माझ्या गिऱ्हाईक. अशा वेळी मुद्दा सापडत नसेल तर माणसानं आवाज वाढवावा.

"कागदच त्या साली तसा आला असंल! लावता का पैज?"

पैज लागली. नोट मूळच्या अबोली रंगाची नाही असं ठरलं, तर माझा आल्बम गुरुजींचा. नोट उन्हानं उतरलेली नाही असं ठरलं, तर गुरुजींची फाइल माझी. सगळ्या नोटांसकट. फैसला पुढच्या बाजारच्या दिवशी, याच पायरीवर, याच लोकांसमोर. 'शब्द म्हणजे शब्द' असं आम्ही दोघंही इतक्या जोरात म्हणालो की मागं फिरायची वाट तिथंच बुजली.

कोपऱ्यातली मशीन थांबली.

"कोणता आल्बम?" आमच्या घरच्यांनी विचारलं.

"नोटांचा."

"त्याच्यावर फोटू कुणाचा हाय?"

"आपला."

"म्हणजे मला न इचारता मलाच लावलं व्हय पैजेला?"

मी कैचीला तेल घालायला घेतलं.

जाता जाता गुरुजींनी एक उपाय सुचवला. अर्धी नोट पुठ्ठ्याखाली झाकायची, अर्धी उघडी ठेवायची, आणि आठ दिवस उन्हात मांडायची. उघडी बाजू आणखी उतरली, म्हणजे हे काम उन्हाचंच. मी साफ नाही म्हणालो. "वाघाला उन्हात बांधणारा माणूस मी न्हाई," असं मी म्हणालो, आणि बायांनी त्याला टाळ्या दिल्या.

आणि मग मी स्वतःच्या हातानं तेच केलं. कारण नोटेची बातमी पसरली होती. सकाळी सातपासून लोक यायचे. अबोली वाघ दाखवा. ट्यूबलाइटखाली दाखवणं तर माझ्या धर्मात बसत नाही, म्हणून प्रत्येकाला मी पायरीवर नेऊन, ऐन उन्हात, पुढून-मागून, घडी उघडून दाखवत होतो. चैत्राचं ऊन. औंढ्याहून माणसं आली, सेनगावकडून टमटम भरून आली. एक म्हैस आली, पण ती वाट चुकली होती असं तिच्या मालकाचं म्हणणं.

तिसऱ्या दिवशी मी चार नंबरचा पीस नोटेशेजारी धरला. जुळेना. पीस जास्त अबोली दिसत होता. मी पीसला दोष दिला. ठाण बदलला. पाचव्या दिवशी नोट तीन नंबरलाही जुळेना. वाघ दिवसेंदिवस गुलाबी होत चालला होता.

आता माझी पंचाईत समजून घ्या. रंग उन्हानं हलतोय हे मला एकट्याला माहीत होतं. आणि उन्हानं हलणारा रंग म्हणजे गुरुजींच्या बाजूचा साक्षीदार. अजून दोन-तीन दिवस असंच चाललं असतं, तर माझी वीस वर्षं, चार रंगांची चार जहाजं आणि मखमलीवरच्या आमच्या घरच्या, सगळं गुरुजींच्या मांडणीवर जाऊन बसलं असतं. मी माणूस खरा आहे, पण इतकाही खरा नाही. मी हळूच दोन नंबरचा अबोली पीस कापला आणि त्याच्यावर चिठ्ठी लावली: 'नंबर चार'. लोकांना दाखवलं, बघा, तस्साच जुळतो. लोक म्हणाले, व्वा.

आमच्या घरच्यांनी मशीनवरून मान वर केली नाही. "वाघाला कावीळ झालती का हो?" त्या म्हणाल्या. "उतरून राह्यली वाटतं."

तेव्हापासून मी दर्शन बंद केलं. वाघ आराम करतोय, बाजारच्या दिवशी भेटेल, असा बोर्ड लावला. नोट मी पिशवीत घालून, पिशवी डब्यात, डबा कपाटात ठेवला, आणि कपाटाला पाठ लावून बसलो.

बाजारचा दिवस उजाडला. पायरीपुढं एवढी माणसं, की कापसाच्या गाडीला वळसा घालून जावं लागलं. गुरुजी धुतलेला सदरा घालून आले. काखेत फाइल, फाइलीला नाडी बांधलेली. मी जिंकलोच तर ते नाडी सोडून देणार नाहीत, अशी ती गाठ होती. माझा आल्बम मी काउंटरवर ठेवला, फोटो खाली करून. याडीही आली होती, घागरा पूर्ण झाला म्हणून दाखवायला.

"काढा नोट," गुरुजी म्हणाले.

मी नोट काढली आणि मुद्दाम पायरीच्या सावलीच्या टोकाला धरली. गुरुजींना तंबाखूची सवय. शाळेत असताना ते फळ्याकडं तोंड करून मळायचे, आता कुठंही मळतात. मोठं काम करायच्या आधी तर हमखास. त्यांनी तळहातावर तंबाखू घेतली, नखानं चुना लावला, अंगठ्यानं चांगली मळली, तोंडात सोडली, धोतराला हात पुसल्यासारखं केलं आणि त्याच अंगठ्यानं माझ्या हातातून नोट घेतली. उन्हात नेली. भिंगातून पाहिली. पालथी करून पाहिली. मग माझ्या हातात परत दिली.

नोटेच्या कोऱ्या कडेवर अंगठ्याचा लालभडक ठसा उमटला होता.

"माझा वाघ!" मी ओरडलो. "गुरुजींनी वाघाला जखमी केलं!"

गुरुजी स्वतःचा अंगठा उलटसुलट करून बघायला लागले, कुठं कापलं का म्हणून. पुरुषमंडळी रक्त रक्त करायला लागली. एकजण चहावाल्याकडून पाणी आणायला पळाला. बाया मात्र सगळ्या एकाच ठिकाणी बघत होत्या, आणि मग एकाच वेळी चाळीस तोंडांतून निघालं:

"अगं माय! हळद!"

हळदीला चुना लागला की लाल होतं, हे आमच्याकडं पाळण्यातल्या लेकराला ठाऊक असतं. गुरुजींनी तर हा धडा जन्मभर शिकवला होता. हळदीचा कागद, चुन्याचं पाणी, रंग बदलला, बसा खाली. आमच्या नाकात हळद, कॉलरवर हळद, चहात हळद, चारी बाजूंनी हळदीचे ढीग. आणि आम्ही दोघं विद्वान त्या नोटेत एक छापखाना आणि एक सूर्य शोधत बसलो होतो. हा गाढवपणा दुसऱ्या जिल्ह्यातल्या माणसाला जमला नसता. त्यानं नोट हातात घेताच, वरणाचा वास कुठून येतोय म्हणून विचारलं असतं.

याडी गर्दीतून पुढं आली.

"हळद न्हाई तर काय? मीच ठिवली व्हती हळदीच्या डब्यात. कागदाला कसर लागू न्हाई म्हणून. घडीत बी चिमूट टाकली व्हती."

"मग आधी काहून न्हाई सांगितलं?" गुरुजी रडकुंडीला आले होते.

"मला कुणी इचारलं? तू पुस्तकाला इचारलं, ह्यानं फडक्याला इचारलं. आठ दिस भांडून राह्यले दोघं. मला वाटलं, शिकलेली माणसं हायत, मोठं काम आसंल."

आमच्या घरच्या मशीनवर डोकं टेकून हसत होत्या. पिकोची सुई मोडली, तरी हसत होत्या. मी मोठ्यानं जाहीर केलं, की मला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं, मी फक्त गुरुजींची परीक्षा बघत होतो. हे वाक्य कुणी ऐकून घेतलं असं मला वाटत नाही.

मी सावध होऊन आल्बमवर हात ठेवला. "चला, मिटलं. कुणी जिंकलं न्हाई."

"कुणी जिंकलं न्हाई कसं?" याडी म्हणाली. "नोट मूळची अबोली न्हाई. म्हणजे तू हारला. उन्हानं बी उतरली न्हाई. म्हणजे हा हारला. दोघं बी हारले. शब्द म्हणजे शब्द. तू तुझं दे, तो त्याचं देईल."

बाजारानं एका आवाजात म्हटलं, बराबर.

यातून सुटायला मी काय काय केलं ते सांगत नाही. मी चक्कर येऊन पडलो, कुणी उचललं नाही. गुरुजींनी पुस्तक उघडून नियम शोधला, तो पुस्तकात नव्हता. शेवटी त्यांनी नाडी सोडली आणि मी मखमलीचा आल्बम त्यांच्या हातात दिला. आमच्या घरच्या तेवढ्यात उठून आल्या आणि पदर सावरून म्हणाल्या, "गुरुजी, पालथा ठिवत जा. तुमच्या घरी येणाऱ्या-जाणाऱ्याला मी काय म्हणून दिसू?" गुरुजींनी मान खाली घालून हो म्हटलं. याडीनं लाल अंगठ्याची आपली नोट परत घेतली, चुना लागलेल्या हळदीचं कुंकू होतं म्हणून ती कपाळाला लावली, आणि लेसही ठेवून घेतली.

दोन दिवस मी फाइल उघडली नाही. सुतकात माणूस जसा दुसऱ्याच्या ताटातलं खात नाही, तसं वाटत होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून सहज उघडली. पानावर पान, ओळीवर ओळ, खाली गुरुजींचं पेन्सिलीतलं अक्षर. सतराव्या की अठराव्या पानावर एक रुपयाच्या काही नोटा होत्या. त्यातल्या एकीखाली लिहिलं होतं: 'साधी. रंग इतर.'

ती नोट मी पायरीवर नेली. कड पांढरीशुभ्र. पाण्याच्या खुणेची जागा पांढरीशुभ्र. घडीत तोच रंग, पाठीवर तोच रंग, आणि फक्त शाईत. वास घेतला, नुसता कागद. चुन्याचं बोट लावायचा धीर झाला नाही, पण कडेला एक कण लावून बघितलाच. काही झालं नाही. मग तीनशे ठाणांतले निळे, जांभळे, राखाडी सगळे पीस एकेक करून शेजारी धरले. एकाशीही जुळेना. असा रंग माझ्या दुकानात नव्हता, म्हणजे मराठवाड्यात नव्हता. कोणती नोट, कोणता रंग, ते मी इथं लिहिणार नाही. गुरुजी वाचतात.

मी फाइल मिटली, नाडी बांधली, वर आणखी एक गाठ मारली, आणि गुरुजींच्या मनात फाइल परत मागायचं आहे का, हे बघायला तडक त्यांच्या घरी गेलो. माणसानं अशा वेळी चेहरा दुःखी ठेवून जावं, म्हणजे संशय येत नाही.

गुरुजी टेबलाशी बसले होते. माझा आल्बम उघडा होता, भिंग एका जहाजावर ठेवलेलं होतं, शेजारी खाकी पुस्तक. मला पाहताच त्यांनी पान उलटलं. इतक्या चपळाईनं, की पानाच्या वाऱ्यानं कॅलेंडर हललं.

"या, या!" ते उठले. "चहा घेणार ना? मी करतो."

वीस वर्षांत या माणसानं मला बसा खाली सोडून दुसरं काही म्हटलं नव्हतं. चहा केला, बिस्किटं मांडली, वर उशी आणून माझ्या पाठीला लावली.

"फाइल बरी हाय ना?" त्यांनी विचारलं.

"साधीच हाय. बघतो कधी कधी."

"परत पायजे असं तर न्हाई ना मनात? म्हणजे मला परत नको. पण तुमाला आल्बम परत पायजे असंल तर..."

"छे छे! शब्द म्हणजे शब्द, गुरुजी. तुमाला?"

"मला कशाला? शब्द म्हणजे शब्द."

आम्ही दोघंही बराच वेळ चहा फुंकत बसलो. चहा कधीच गार झाला होता. निघालो तेव्हा गुरुजी मला सोडायला दारापर्यंत आले, दारातून गल्लीत आले, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "येत जा." गल्लीच्या वळणावर मी सहज मागं बघितलं. दारात त्यांची एक चप्पल पडली होती. दुसरी पायात घेऊनच ते आत धावले होते.

मग उरलेली वाट मीही पळतच काढली.